जाळ्यातला अतिथी

मनूला मासा सापडला तो गळाला लागून नव्हे. शतपथ ब्राह्मणातली कथा अशी आहे की, सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यातून एक इवलासा मासा त्याच्या ओंजळीत आला आणि म्हणाला, मला सांभाळ, मी तुला सांभाळीन. लहान माशांना मोठे मासे गिळतात, तेव्हा मोठा होईपर्यंत मला आसरा दे, एवढेच त्याचे मागणे होते. मनूने त्याला आधी घटात ठेवले, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात नेऊन सोडले. पुढे प्रलय आला, त्या माशाच्या शिंगाला मनूने आपली नौका बांधली आणि तो तरून गेला.

लहानपणी ही कथा ऐकताना माझे सारे लक्ष त्या प्रलयाकडे आणि नौकेकडे असे. आता चाळिशी उलटल्यावर मन त्या ओंजळीपाशीच घोटाळते. मनू काही मासेमारीला निघाला नव्हता. ध्यानीमनी नसताना एक जीव त्याच्या हाती आला. क्षणभर तरी तो मनू विचारात पडला असेलच ना? हात झटकावा, पाणी ओतून द्यावे, की थांबून त्याचे ऐकावे? जगबुडी पुढची. मनूची खरी परीक्षा त्या ओंजळभर पाण्यातच होऊन गेली होती.

अशी ओंजळ आमच्या मुंबईच्या उपनगरांत आजही कुणा ना कुणाच्या वाट्याला येत असते. लोकलच्या गर्दीतून रोज ये-जा करणाऱ्याला हे खरे वाटायचे नाही. अंधेरी म्हटले की त्याला पूल आठवतो आणि घाटकोपर म्हटले की मेट्रोची रांग. पण अंधेरीच्या पश्चिमेला वेसाव्याचा कोळीवाडा आहे, त्याच्या समोर मढ आहे, वर मालाडच्या बाजूला मनोरी, बोरिवलीच्या बाजूला गोराई आहे. पूर्वेला मुलुंड-भांडुपच्या पाठीशी ठाण्याची खाडी पसरलेली आहे आणि मधोमध, डोंगरांच्या कुशीत, पवईचा तलाव आहे. या साऱ्या पाण्यावर माणसे लहानलहान होड्यांतून जाळी टाकतात, गळ टाकतात आणि जे धरायला गेलो त्याहून भलतेच काही समोर येऊन उभे राहिल्याचा अनुभव घेऊन परततात. कुणाच्या होडीपुढे पाठीला कुबड असलेला करडा-गुलाबी डॉल्फिन वर येतो. कोकण किनाऱ्यावर त्याला गादा म्हणतात. कुणाच्या जाळ्यात समुद्रसाप येतो. पवईला गळ टाकून बसलेल्या हौशी माणसाला समोरच्या दगडावरचा ओंडका हळूच पाण्यात सरकताना दिसतो आणि मग ती मगर होती हे ध्यानात येते. १८९१ च्या सुमारास बांधलेला तो तलाव. त्याचे पाणी पिण्याच्या लायकीचे राहिले नाही, पण मगरींनी त्याला अजून नावे ठेवलेली नाहीत.

या साऱ्या पाहुण्यांत माझ्या मनात घर करून राहिले आहे ते कासव.

वेसाव्याकडची डोल जाळी ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. डोल म्हणजे एक लांबलचक, निमुळती होत गेलेली पिशवीच. तिचे तोंड प्रवाहाकडे करून ती पाण्यात रोवून ठेवतात आणि भरती-ओहोटीचा ओढा तिच्यातून वाहू देतात. जाळे कुणाच्या मागे धावत नाही. पाणी जे आणील ते पिशवीत. बोंबील येतो, जवळा येतो, करंदी येते. आणि एखादे दिवशी मणभर वजनाचे समुद्रकासव येते. कासव पाण्यात राहत असले तरी श्वास आपल्यासारखाच हवेतला घेते. जाळ्यात गुंतून वर येता आले नाही तर ते समुद्राच्या पोटात गुदमरून मरते. म्हणून जाळे ओढल्यावर ते जिवंत असेल तर नाखव्याला ताबडतोब काहीतरी ठरवावे लागते. पाय गुंतलेले असतात, सोडवत बसायला वेळ नसतो, होडी हेलकावत असते. सुरी काढायची आणि जाळे कापायचे, हाच बहुधा एकमेव मार्ग.

जाळे कापणे ही काय गोष्ट आहे हे कोळ्याच्या घरी बसल्याशिवाय कळत नाही. शेतकऱ्याने उभ्या पिकात बैल सोडावा, तसेच ते. मी एका वयस्क नाखव्याला एकदा सरळच विचारले होते, "नाखवा, रोज हजारो बोंबील मरतात तेव्हा तुमचा हात थरथरत नाही, आणि एका कासवासाठी हजारोंचे जाळे फाडता. हा न्याय कुठला?"

तो जाळ्याची गाठ मारीत होता. मान वर न करता म्हणाला, "बोंबलासाठी आपण गेलो होतो, मास्तर. कासवासाठी कोण गेलं होतं?"

घरी परतताना फेरीबोटीत मी या उत्तराचा पुष्कळ विचार केला. वरवर पाहता ते अपुरे आहे. बोंबलाच्या बाजूने पाहिले तर आपल्यासाठी कुणी आले होते की चुकून सापडलो, याने त्याचे मरण काही गोड होत नाही. आणि प्राणाची किंमत हेतूवर ठरवायची म्हटले तर पुष्कळ अपराध्यांची सुटका होईल. तरीही त्या उत्तरात काहीतरी पक्के होते. नाखव्याने स्वतःला एक हद्द घालून घेतली होती. पोटासाठी ज्याला मारायचे त्याचे नाव घरातून निघतानाच ठरलेले असते. त्या नावाबाहेरचा जीव समोर आला की आपला अधिकार संपला. भूक त्याला होतीच, पण सर्वभक्षक व्हायला तो तयार नव्हता. आमच्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, आपण त्याच्या पाठीला हात लावून तो कपाळाशी नेतो, तेव्हा जाळ्यातल्या कासवापुढे त्याचा हात थबकतो यात श्रद्धेचा वाटा आहेच. हळदकुंकू वाहून कासव परत समुद्रात सोडल्याच्या हकीकती किनाऱ्यावर पुष्कळ ऐकायला मिळतात. पण केवळ श्रद्धेवर हे सगळे सोपवून मोकळे होणे मला नाखव्यावर अन्याय केल्यासारखे वाटते. मत्स्य हासुद्धा अवतारच होता की! तरी त्याचे कालवण होतेच.

कुणी म्हणेल, हद्द घालायला कायदा आहे ना! आहे खरा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत समुद्रकासवे आहेत. परंतु कायद्याची हद्द आणि मनाची हद्द यांचे नाते गमतीचे असते. व्हेल शार्क ही अजस्र मुशी घ्या. बस उभी करावी एवढी लांब, पण खाणे काय, तर पाण्यातले बारीक जीव गाळून. माणसाला तिच्यापासून भय नाही. गुजरातच्या किनाऱ्यावर तिच्या यकृताचे तेल काढून होड्यांच्या लाकडाला लावीत. पुढे परदेशातून मांसाला मागणी आली आणि १९९० नंतरच्या वर्षांत तिची कत्तलच सुरू झाली. २००१ च्या मे महिन्यात तिला कायद्याचे संरक्षण मिळाले. अनुसूचीत स्थान मिळालेला हा आपल्या देशातला पहिला मासा. म्हणजे आदल्या दिवशी जो माल होता तो दुसऱ्या दिवशी संरक्षित जीव झाला. मुशीत काही बदल झाला होता का? ती तशीच तोंड उघडून पोहत होती. बदलायचे होते ते किनाऱ्यावरच्या माणसाने, आणि तो काही राजपत्र वाचून बदलत नाही. मोरारीबापूंनी गुजरातच्या मच्छीमारांना सांगितले की ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. तिला व्हाली, म्हणजे लाडकी, असे नाव पडले. तेव्हा कुठे जाळी कापली जाऊ लागली. दिवाळीला माहेरवाशिणीची वाट पाहणाऱ्या घरांना याहून अधिक काय समजावून सांगायचे?

माहेरवाशीण झाली, पाहुणी झाली, अतिथी झाला. हे शब्द आपल्या तोंडी सहज येतात. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. कासव या अर्थाने खरे अतिथी. पण मग एक शंका येते आणि ती काही केल्या जात नाही. घर कुणाचे? अतिथी होण्यासाठी आधी कुणीतरी यजमान असावा लागतो. डोल जाळे समुद्रात आहे, होडी समुद्रात आहे, आणि आपण म्हणतो की कासव आपल्याकडे आले!

उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची कायाक नावाची होडी आहे. एका माणसापुरती, अरुंद, पाण्याच्या इतकी लगत की बसणाऱ्याची कंबर जणू लाटेच्या पातळीवर. हल्ली प्लॅस्टिकची कायाक घेऊन हौशी मंडळी जगभर गळ टाकीत फिरतात आणि अकस्मात भेटलेल्या देवमाशांच्या व मुशींच्या गोष्टी एकमेकांना सांगतात. मूळची कायाक मात्र लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून बनवीत. ज्याची शिकार करायची त्याच्याच कातड्यात बसून जायचे! आणि सील मारून आणल्यावर, ती खाऱ्या पाण्यातली, तहानलेली असणार, म्हणून तिच्या तोंडात गोडे पाणी घालायची त्यांच्यात चाल होती. हे प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. मरणाऱ्याच्या तोंडात आपणही गंगा घालतो. हजारो कोसांवर, बर्फात राहणाऱ्या माणसाला मारलेल्या सीलबद्दल तेच सुचावे! त्या माणसाला आपण यजमान नाही हे पक्के ठाऊक होते. तो दुसऱ्याच्या घरी जाऊन, दुसऱ्याच्या जिवावर जगत होता आणि त्याची जाणीव ठेवून निदान घोटभर पाणी देत होता.

घर कुणाचे, हा प्रश्न मला एकदा अगदी समोरासमोर विचारला गेला. ओळखीच्या एका कोळ्याबरोबर त्याच्या होडक्यातून गोराईच्या खाडीत गळ टाकायला गेलो होतो. ओहोटी लागली होती, तिवरांची मुळे चिखलातून वर आली होती आणि संध्याकाळचा पिवळा उजेड पाण्यावर पडला होता. गळाला काही लागत नव्हते. सोबत्याने एकाएकी वल्हे उचलून धरले आणि नुसती हनुवटी हलवून काठ दाखवला. तिवरात एक कोल्हा उभा होता. चिखलात पाय रुतू नयेत म्हणून बेताने टाकीत तो खेकडे शोधीत असावा. त्याने मान वर करून आमच्याकडे पाहिले. माझ्या वर्गातल्या मुलांना कोल्हा विचारला तर तो लबाड असतो, त्याला द्राक्षे आंबट लागतात, एवढे ती ताबडतोब सांगतात. इसापनीतीबाहेर त्याला भेटण्याचा प्रसंगच येत नाही. हा कोल्हा मला ना लबाड वाटला ना दीन. कामात असलेल्या माणसाने दाराशी आलेल्या अनोळखी इसमाकडे पाहावे, काय पाहिजे, असे न बोलता विचारावे, तसे त्याचे पाहणे होते. त्याच्या मागे, तिवरांच्या शेंड्यांवर, चारकोपच्या इमारतींत दिवे लागू लागले होते. त्या खिडक्यांत उभ्या असलेल्या कुणाला कोल्हा दिसला असता तर त्याने म्हटले असते, वस्तीत कोल्हा शिरला. आम्ही खालून, पाण्यावरून पाहत होतो म्हणून चित्र उलटे दिसले. तिवरात वस्ती शिरली होती.

हे सारे ठीक, पण माणसाने खायचे काय? हा प्रश्न मी सोडून देणार नाही. कारण प्राणिदयेची भाषा पुष्कळदा ज्याचे पोट भरलेले आहे तोच बोलत असतो, आणि तिचा खर्च दुसऱ्याच्या नावावर मांडीत असतो. महाभारतातल्या शिबी राजाची कथा या बाबतीत फार प्रामाणिक आहे. ससाण्याला भ्यालेले कबुतर राजाच्या मांडीवर येऊन बसले. तेही एक अवचित आलेले पाखरूच. राजाने अभय दिले. आपण मुलांना गोष्ट सांगताना येथेच टाळी घेतो. पण ससाणा काय म्हणतो ते ऐकण्यासारखे आहे. हा माझा घास आहे, तो हिरावून घेतलास तर मी मरेन, माझी पिले मरतील. एकाचा जीव वाचवून दुसऱ्याचा घेणारा हा तुझा धर्म कसला? राजा निरुत्तर होतो. मग तराजू येतो आणि कबुतराच्या भारंभार मांस राजा स्वतःच्या अंगाचे कापून देतो. दया राजाची, म्हणून मांसही राजाचे. ससाण्याला त्याने उपदेश केला नाही.

आमच्या किनाऱ्यावर कित्येक वर्षे हा तराजूच नव्हता. कासव वाचावे ही इच्छा साऱ्या समाजाची आणि कापले जाणारे जाळे एकट्या नाखव्याचे. अंधेरीच्या दहाव्या मजल्यावर बसून मी हळहळायचे, आणि वेसाव्याच्या घरात त्या महिन्याचे वाणसामान कमी यायचे. २०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने एक योजना काढली. संरक्षित सागरी जीव सोडवताना जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला जास्तीत जास्त २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुराव्यासाठी छायाचित्र वा चित्रफीत हवी. यावर मी दोन्ही प्रकारची बोलणी ऐकली आहेत. एक म्हणतात, पुण्याला दर लावला, आता भक्तीची जागा बिलाने घेतली. मला ते पटत नाही. मनूच्या ओंजळीतल्या माशानेसुद्धा आधी मोबदला सांगितला होता, मला सांभाळ, मी तुला सांभाळीन. म्हणून मनूचे पुण्य काही हिणकस ठरले नाही. आणि २५ हजार हे नाखव्याच्या दयेचे मोल नव्हेच. समाजाने तराजूच्या पारड्यात टाकलेला तो आपल्या मांसाचा तुकडा आहे, आणि शिबीच्या मानाने तो पुष्कळच लहान आहे.

तरी छायाचित्राची अट मनाला थोडी खुपते खरी. सरकारी पैशाला पुरावा लागणार, यात वावगे काही नाही. पण जे काम समुद्र आणि माणूस या दोघांतच होऊन जात होते, तिथे आता तिसरा डोळा आला. सोडायच्या आधी कासवाने क्षणभर थांबायचे, मोबाइल कोरड्या पिशवीतून बाहेर निघेपर्यंत. हा क्षण वाढत जाऊ नये एवढीच माझी प्रार्थना. आजकालची तरुण पोरे समुद्रावर काही दिसले की आधी चित्रफीत घेतात आणि मग ते पाहतात.

लहान होडीचे एक मोठेपण मला यात दिसते. तिचा वेग माणसाच्या दंडाइतका असतो. त्यामुळे समोर कोण आले ते पाहायला, ओळखायला आणि हात आवरायला अवकाश मिळतो. ठाण्याच्या खाडीवर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. २०१५ साली तिथे त्यांच्या नावाचे अभयारण्य झाले. डोंगीतून हळूहळू जाणारा खाडीतला कोळी त्यांच्या थव्याला वळसा घालून जातो, पक्षी मान खाली घालून चरत राहतात. आणि २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरवर एका विमानाची त्याच पक्ष्यांच्या थव्याशी गाठ पडली. तिसाहून अधिक रोहित पंतनगरच्या वस्तीत रस्त्यांवर मरून पडले. वैमानिकाला कोणता धर्म सांगणार? त्याला सुरी काढायलाच काय, हळहळायलाही सवड नव्हती. यांत्रिक होड्यांच्या ओढजाळ्यांचेही तसेच; जाळे वर येईपर्यंत कासव गुदमरलेले असते, मग नाखव्याच्या मनात दया असून उपयोग काय? म्हणून त्या जाळ्यांतच एक जाळीदार चौकट बसवायची युक्ती निघाली आहे. कोळंबी मागे जाते आणि कासव वरच्या झडपेतून बाहेर पडते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्याकडच्या बोटींसाठी तशी चौकट तयार केली. जिथे माणसाला थांबता येत नाही तिथे थांबण्याचे काम असे आधीच जाळ्यात विणून ठेवावे लागते. मात्र दार ठेवले की त्यातून थोडी कोळंबीही निसटते, आणि किती निसटली तर चालेल, यावर बंदराबंदरांत अजून वाद आहेत.

२०१८ च्या मार्चमध्ये वेसाव्याच्या पुळणीवर समुद्रकासवांची पिल्ले वाळूतून वर आली आणि तुरुतुरु पाण्याकडे गेली. अफरोज शाह आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी २०१५ पासून तो किनारा उपसला होता, टनावारी कचरा वाहून नेला होता. कासवांसाठी म्हणून नव्हे, वाळू दिसावी म्हणून. पिल्ले ही त्यांच्या हिशेबात नव्हतीच. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली तेव्हा मी ते पान घेऊन त्या जाळे विणणाऱ्या नाखव्याकडे गेलो. त्याने ते दूर धरून नीट पाहिले, घरात हाक मारून बायकोला दाखवले.

"तुमची पाव्हणी परत आली म्हणायची," मी म्हटले.

"तीच असंल असं थोडंच हाय!" तो म्हणाला. मग मी विचारले, मागे जाळे कापलेत तेव्हा ते परत विणायला किती दिवस लागले?

उत्तर बायकोने दिले. "मी विणलं. त्यांना काय विचारता, मास्तर? हे म्हणले दोन हात भोक हाय. बघते तर अख्खं पोट फाडलेलं! चार रात्री बसले. पाचव्या दिवशी भांग संपली, पाण्याला ओढ आली, आणि जाळं नेलं." बोलता बोलता तिने वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते माझ्या हाती परत न देता फळीवर देवापाशी ठेवून दिले.